दुर्गाबाई खोटे : कष्टाने कमावलेली प्रतिष्ठा

दुर्गाबाई खोटे यांचे नाव निघाले, की एक वाक्य हमखास उच्चारले जाते. त्यांनी चित्रपटव्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली, असे ते वाक्य. ते असत्य नाही. मात्र ते ज्या अर्थाने उच्चारले जाते, त्या अर्थाचा थोडा विचार करावयास हवा. एका सुशिक्षित, खानदानी घरातील स्त्री चित्रपटात आली आणि तिच्या घराण्याच्या पुण्याईने तो व्यवसाय पावन झाला, असा काहीसा भाव त्यामागे असतो. हा भाव मान्य केला, तर दुर्गाबाईंचे कर्तृत्व त्यांच्या पहिल्या पावलापाशीच संपते. पुढील जवळजवळ सहा दशके त्यांनी जे केले, ते सारे त्या पावलाच्या सावलीत झाकले जाते. वास्तविक घराण्याने त्यांना जे दिले, त्याहून कितीतरी अधिक त्यांनी स्वतःच्या श्रमाने मिळविले. त्या श्रमांचा मागोवा घेणे, हाच आजच्या विषयाचा हेतू आहे.

तारामतीचा शोध

दुर्गाबाईंच्या पावलाचे मोल जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. या चित्रपटासाठी दादासाहेबांनी भांडवल उभे केले, यंत्रसामग्री आणली, तंत्र आत्मसात केले. एक गोष्ट मात्र त्यांना काही केल्या मिळेना. ती म्हणजे तारामतीची भूमिका करणारी स्त्री. समाजाने ज्यांना आधीच बहिष्कृत केले होते, त्या वस्तीतील स्त्रियांनीही कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास नकार दिला. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून तारामती करावे लागले. याच अण्णा साळुंके यांनी पुढे १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

'राजा हरिश्चंद्र'नंतर त्याच वर्षी आलेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात मात्र दोन स्त्रिया पडद्यावर दिसल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला. आईने पार्वतीची आणि मुलीने मोहिनीची भूमिका केली. ही कन्या म्हणजेच पुढे नावारूपास आलेल्या कमलाबाई गोखले. अभिनेते चंद्रकांत गोखले यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखले यांच्या आजी. चित्रपटातील आद्य अभिनेत्रींचा मान या माय-लेकींचा आहे. दुर्गाबाई खोटे यांच्या आगमनाची कथा सांगताना त्यांना विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. त्यांच्यापाशी मोठे आडनाव नव्हते, एवढ्याच कारणाने त्यांच्या धाडसाला 'प्रतिष्ठा' हा शब्द लावला गेला नाही.

रंगभूमीची स्थितीही फारशी निराळी नव्हती. बालगंधर्वांचे स्त्रीरूप पाहून मराठी गृहिणी आपल्या नेसण्या-सवरण्यात त्याचे अनुकरण करीत. स्त्रीत्वाचा आदर्श एका पुरुषाने उभा करावा आणि स्त्रियांनी तो डोळ्यांत साठवावा, यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. घरातील स्त्रीने रंगमंचावर जाणे मात्र अब्रूचा प्रश्न ठरत होता. कला हवी होती, कलावती नको होती.

लाडांची लेक, खोट्यांची सून

अशा काळात, १४ जानेवारी १९०५ रोजी, मुंबईतील लाड कुटुंबात दुर्गाबाईंचा जन्म झाला. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात. त्या काळी मुलीला महाविद्यालयात पाठविणारी घरे किती असतील, याची कल्पना आपण करू शकतो. शिक्षण चालू असतानाच विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासर श्रीमंत होते. बकुळ आणि हरीन हे दोन पुत्र झाले. एखाद्या सुखी संसाराचे चित्र येथे पूर्ण व्हावे, अशी ही सुरुवात.

परंतु लक्ष्मी चंचल असते. सासरची सुबत्ता ओसरली, संसाराची घडी विस्कटली. पुढे पतीचेही छत्र हरपले. दोन मुलांचे पालनपोषण, त्यांचे शिक्षण आणि स्वतःचा स्वाभिमान, हे सारे सांभाळायचे तर अर्थार्जन अपरिहार्य होते. दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या हौसेने नव्हेत, गरजेने आल्या. हे त्यांनी कधी लपविलेही नाही. 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या आयुष्यातील चढउतार मोकळेपणाने नोंदविले आहेत.

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी पहिले काम केले. भूमिका अवघ्या काही मिनिटांची. चित्रपट सुमार होता. त्याच्या दर्जाचा दोष मात्र त्या लहानशा भूमिकेतील स्त्रीच्या माथी आला. अमुक घराण्याची लेक, तमुक घराण्याची सून पडद्यावर नाचली, अशी कुजबुज सुरू झाली. ज्या समाजाने त्यांच्या अडचणीच्या काळात त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, तो समाज आता त्यांच्या अब्रूची चिंता वाहू लागला. येथेच त्यांची चित्रपटयात्रा संपली असती, तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते.

'अयोध्येचा राजा'

ती संपली नाही, याचे श्रेय जितके दुर्गाबाईंच्या धैर्याला, तितकेच कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीला द्यावे लागेल. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी १९२९ साली ही संस्था स्थापन केली होती. 'आलम आरा'ने मार्च १९३१मध्ये बोलपटाचे युग सुरू केले आणि प्रभातने मराठीत बोलपट काढण्याचे ठरविले. विषय निवडला तो हरिश्चंद्राचाच. शांतारामबापूंनी तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंची निवड केली. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला. मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तो स्वतंत्रपणे चित्रित झाला होता.

हा केवळ एका नटीच्या पदार्पणाचा प्रसंग नव्हता. मूकपटात चेहरा पुरेसा होता, बोलपटात वाणी हवी होती. पार्श्वगायनाची सोय अद्याप आलेली नव्हती. त्यामुळे नटीने चित्रण चालू असतानाच बोलायचे, गायचे आणि त्याच वेळी अभिनयही करायचा, अशी पद्धत होती. एखादा शब्द चुकला, की सारे दृश्य पुन्हा. तेच दृश्य मराठीत झाले, की हिंदीत नव्याने उभे करायचे. गृहिणीचे आयुष्य जगलेल्या, रंगभूमीचा अनुभव गाठीशी नसलेल्या सत्तावीस वर्षांच्या स्त्रीने हे आव्हान पेलले. राज्य गेल्यावर बाजारात विकली जाणारी राणी, स्मशानात पुत्राच्या प्रेतासह उभी असलेली माता, हे प्रसंग प्रेक्षकांच्या मनाला भिडले. वैभवातून विपत्तीत येणे म्हणजे काय, हे त्या तारामतीला कोणी शिकवावे लागले नसावे.

१९१३मध्ये ज्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, ती तारामती एकोणीस वर्षांनी एका सुशिक्षित मातेने साकारली. त्यानंतर वर्षभरातच, १९३३मध्ये, 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. जोत्स्नाबाई भोळे यांचे नाव त्यातूनच घरोघरी पोहोचले. काळाचे वारे बदलत होते. ते बदलण्यासाठी कोणीतरी आधी वादळ अंगावर घेतले होते.

स्वतंत्र बाणा

यशानंतर बहुतेक कलावंत एका कंपनीच्या छायेत स्थिरावत. मासिक पगार, ठरलेले काम, मालकाची मर्जी, असा तो काळ. दुर्गाबाईंनी हा शिरस्ता मोडला. कोणत्याही एका संस्थेशी कायमचे बांधून न घेता भूमिकेनुसार काम स्वीकारणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई अशी त्यांची भ्रमंती चालू झाली. १९३३मध्ये न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांचा 'राजरानी मीरा' आणि १९३४मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता', हे दोन्ही चित्रपट त्यांनी कलकत्त्यात केले. पृथ्वीराज कपूर त्यांचे सहकलाकार होते. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे त्याला सन्मानपत्र मिळाले. भारतीय बोलपटाची परदेशातील ही अगदी आरंभीची दखल.

१९३६ साली प्रभातच्या 'अमर ज्योती'मध्ये त्यांनी सौदामिनी साकारली. अन्यायाने पेटून उठलेली, समुद्रावर चाचेगिरी करणारी ही स्त्री म्हणजे तारामतीचे दुसरे टोक. एकीने सारे सोसले, दुसरीने सोसण्यास नकार दिला. एकाच अभिनेत्रीने चार वर्षांच्या अंतराने ही दोन्ही रूपे तितक्याच ताकदीने उभी केली. याच दशकात 'साथी' या चित्रपटाची निर्मिती करून त्यांनी कॅमेऱ्यामागची जबाबदारीही उचलली. चित्रपटातील स्त्रीने तोंडाला रंग लावावा, निर्णय पुरुषांनी घ्यावेत, अशी रीत असताना हे पाऊल धाडसाचे होते.

वयाशी प्रामाणिक

अभिनेत्रीच्या आयुष्यात एक अवघड वळण येते. नायिकेचे दिवस सरत आलेले असतात आणि आरसा ते सांगू लागतो. या वळणावर अनेक गुणी कलावंत अडखळल्या. दुर्गाबाईंनी ते वळण जणू स्वतःहून जवळ केले. १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' या चित्रपटात त्यांनी सुनेला छळणारी सासू उभी केली. सुनेच्या भूमिकेत वनमाला होत्या. त्या वेळी दुर्गाबाईंचे वय अवघे छत्तीस. लगेच १९४२मध्ये विजय भट्ट यांच्या 'भरत भेट'मध्ये त्यांनी कैकेयी साकारली. हिंदीत हाच चित्रपट 'भरत मिलाप' म्हणून गाजला.

सीता आणि तारामती म्हणून ज्या स्त्रीची प्रतिमा लोकांच्या मनात पूजनीय झाली होती, तिने कैकेयी व्हावे, यात मोठी जोखीम होती. आपल्याकडे प्रेक्षक पौराणिक चित्रपटाला दर्शनाला जावे तसा जातो. भूमिका आणि व्यक्ती यांतील अंतर त्याला ठेवता येत नाही. परंतु रामकथेत कैकेयी नसेल, तर वनवास नाही आणि भरताचा त्यागही नाही. ती दुष्ट आहे म्हणून सोडून देता येत नाही, ती माता आहे म्हणून समजून घ्यावी लागते. हट्ट, मोह आणि मागाहून उरणारा पश्चात्ताप, या पायऱ्या दाखवायच्या तर तेथे कसलेलीच अभिनेत्री हवी. दुर्गाबाईंनी प्रतिमेपेक्षा भूमिकेला मान दिला. कलावंताची नीतिमत्ता म्हणतात ती हीच.

पुढील चाळीस वर्षे त्या पडद्यावर माता म्हणून वावरल्या. पण ती माता एका साच्यातील नव्हती. के. आसिफ यांच्या १९६० सालच्या 'मुगल-ए-आझम'मधील जोधाबाई पाहावी. पती सम्राट, पुत्र बंडखोर आणि दोघांच्या मधे उभी असलेली स्त्री. तिच्या वाट्याला मोठी भाषणे फार नाहीत. तिची मान, तिचे डोळे आणि तिचे थांबणे हेच तेथे बोलते. 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी' या १९७२-७३मधील चित्रपटांत त्यांनी अगदी घरगुती वळणाच्या भूमिका केल्या. १९७४ सालच्या 'बिदाई'साठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी वयाची एकोणसत्तरी गाठली होती. १९८०च्या 'कर्ज'मध्येही, पुत्राच्या परतण्याची वाट पाहणारी वृद्ध आई म्हणून, त्या प्रेक्षकांच्या लक्षात राहिल्या.

रंगभूमीचे ऋण

पडद्यावरून रंगभूमीकडे येणे हा उलटा प्रवास. मराठीतील बहुतेक कलावंत नाटकाकडून चित्रपटाकडे गेले. बोलपट आल्यावर नाटक कंपन्या मोडीत निघाल्या, नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. त्या पडत्या काळात मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या पुढाकाराने गिरगावात नाट्यमहोत्सव भरविले आणि रंगभूमीला पुन्हा उभे करण्याचा चंग बांधला. चित्रपटात नाव आणि पैसा मिळवीत असलेल्या दुर्गाबाई या कार्यात मनापासून सहभागी झाल्या.

खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई आणि शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'वरून रूपांतरित केलेल्या 'राजमुकुट'मधील त्यांची राणी, या भूमिका मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची, १७७३ सालची ती कथा मराठी मनाला आजही अस्वस्थ करते. आनंदीबाईचे नाव घेताच मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. अशा व्यक्तिरेखेला रंगमंचावर सजीव करणे म्हणजे प्रेक्षकांचा रोष अंगावर घेणेच होय. चित्रपटात चूक झाली, तर दृश्य पुन्हा घेता येते. रंगमंचावर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत आवाज गेला पाहिजे आणि सुटलेला शब्द परत घेता येत नाही. पडद्यावर नाव मिळविलेल्या कलावतीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर ही परीक्षा पुन्हा द्यावी, यातच तिची कलेवरील निष्ठा दिसते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना जो पुरस्कार दिला, तो मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी होता, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावयास हवे.

उद्योजिका

दुर्गाबाईंच्या जीवनाचा आणखी एक पैलू चर्चेत फारसा येत नाही. त्यांनी माहितीपट आणि जाहिरातपट तयार करणारी संस्था काढली आणि ती चालविली. हिशेब, मुदती, तंत्रज्ञ आणि ग्राहक यांच्याशी रोज गाठ पडणारे हे रूक्ष काम. त्यात टाळ्या नाहीत. परंतु अभिनयाचे दिवस कायमचे नसतात आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये, हे भान त्यांना होते. मोठमोठ्या कलावंतांच्या अखेरच्या दिवसांच्या करुण कहाण्या आपण ऐकतो, तेव्हा या व्यवहारी शहाणपणाचे मोल कळते. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील एक मध्यमवर्गीय कारकून, त्याची पत्नी, त्याच्या लहानसहान अडचणी, एवढ्या सामग्रीवर ती मालिका घरोघरी लाडकी झाली. एकेकाळी ज्या मध्यमवर्गाने नावे ठेवली, त्याच मध्यमवर्गाच्या सुखदुःखाचे हसरे चित्र त्याच्या दिवाणखान्यात त्यांनी पोहोचविले. त्या वेळी त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

१९६८ साली पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या मराठी स्त्री. त्यांना तारामती करणाऱ्या शांतारामबापूंना तो पुरस्कार त्यांच्यानंतर, १९८५ सालचा, मिळाला. ज्या दादासाहेबांना आपल्या तारामतीसाठी एक स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान मराठी बोलपटाच्या तारामतीच्या हाती आला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

टाळ्या आणि पाठबळ

बंधु-भगिनींनो, आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रतिष्ठा कोणी कोणाला दिली? घराणे मोठे होते म्हणून लोकांनी दुर्गाबाईंचा पहिला चित्रपट गोड मानून घेतला नाही. उलट घराणे मोठे होते म्हणून बोल अधिक लागला. पुढे जो मान मिळाला, तो वक्तशीरपणाने, पाठांतराने, भूमिकेच्या निवडीने, दिलेल्या शब्दाला जागण्याने आणि वयाला न घाबरण्याने मिळाला. हे गुण कोणत्याही घराची मक्तेदारी नाहीत. कमलाबाई गोखले यांच्यापाशीही ते होते. पडद्याआड राहिलेल्या आणि नावही न उरलेल्या कितीतरी कलावतींपाशी ते असतील. घराणे पाहून मान द्यायचा आणि घराणे नाही म्हणून गुणांकडे पाठ फिरवायची, ही सवय समाजाने सोडली पाहिजे.

आज काळ पुष्कळ बदलला आहे. मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकात उभी राहिली, की आई-वडील कौतुकाने छायाचित्रे काढतात. परंतु तीच मुलगी पदवीनंतर नाट्यशिक्षण घ्यायचे म्हणाली, की घरात चिंतेचे सावट पसरते. ही चिंता अकारण असते असे नाही. व्यवसाय बेभरवशाचा आहे, त्यातील मोहही खरे आहेत. म्हणूनच त्या मुलीला घराची गरज अधिक असते. तिच्या तालमी रात्री उशिरा संपत असतील, तर तिची वाट पाहणारे कोणी हवे. तिचा पहिला प्रयोग फसला, तर तिच्या पाठीवर ठेवलेला हात हवा. पैशाचे व्यवहार समजावून सांगणारे, करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहणारे वडीलधारे हवेत. पुरस्कार मिळाल्यावर सत्काराला हार घेऊन येणारे पुष्कळ असतात. 'फरेबी जाल'च्या वेळी जवळ उभे राहणारे थोडे असतात, आणि ते थोडेच कामाला येतात.

दुर्गाबाईंच्या स्मृतीला वंदन करायचे असेल, तर त्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्याहून थोडे कठीण, पण अधिक खरे वंदन एकच. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात, एखादी मुलगी अशा पहिल्या पावलापाशी थांबलेली असेल. तिचे नाव अद्याप कोणाला माहीत नाही. तिच्या घरी जावे, तिचे काम पाहावे, तिच्या आई-वडिलांशी चार शब्द बोलावेत. एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.